गंगेची कुळी प्राप्तिकराच्या फायलीत

२० मार्च २०१७ रोजी नैनीतालच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्या कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ असल्याचं जाहीर केलं. न्या. राजीव शर्मा आणि न्या. आलोक सिंह यांचं खंडपीठ होतं. हरिद्वारच्या मोहम्मद सलीम यांनी अतिक्रमणं हटवा म्हणून याचिका केली होती. तिच्या निकालात नद्यांना जिवंत माणसाचे हक्क, कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या मिळाल्या. साडेतीन महिन्यांनी, ७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणत होता, आपल्या ऋषिमुनींना जे ठाऊक होतं ते आज कोर्टाला कळलं. दुसरा म्हणत होता, न्यूझीलंडने आपल्या नदीला व्यक्ती ठरवलं त्याची ही नक्कल आहे. मराठवाड्यातल्या आमच्या अंबडच्या कोर्टाबाहेर चहा पिताना मी दोन्ही मतं ऐकली आहेत, आणि दोन्ही मला पटत नाहीत. निकालपत्रात नद्यांच्या व्यक्तित्वाला आधार म्हणून कोणते खटले घेतले आहेत ते पाहा. त्यात १९६९चा एक खटला आहे, योगेंद्रनाथ नस्कर विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त. नदीचा नाही, पर्यावरणाचा नाही, श्रद्धेचाही नाही. देवाने इन्कम टॅक्स भरायचा की नाही, याचा.

हा खटला फार मजेदार आहे. कलकत्त्याच्या रामकृष्ण नस्कर यांनी मृत्युपत्राने आपली मालमत्ता दोन देवांना देऊन टाकली होती, कुबेरेश्वर महादेव आणि आनंदमयी कालीमाता. कारभार शेबाइतांकडे. शेबाइत म्हणजे आपल्याकडचे वहिवाटदार. प्राप्तिकर खात्याने या देवांच्या उत्पन्नावर आकारणी केली. वहिवाटदार म्हणाले, १९२२च्या कायद्यात ‘इंडिव्हिज्युअल’वर कर आहे, देव कुठे इंडिव्हिज्युअल? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. देव मालमत्ता धारण करू शकतो, दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा लावता येतो, तर मग करही भरू शकतो.

म्हणजे गंगेला अर्ध्या शतकाने जे व्यक्तित्व मिळालं ते मुळात करवसुलीसाठी पक्कं केलेलं व्यक्तित्व होतं. ही गोष्ट कळली तेव्हापासून मी या वंशावळीच्या मागे लागलो आहे. निसर्गाला हक्क देताना ज्या अडचणी येतात त्या सगळ्या या वंशावळीतच दडल्या आहेत, असं माझं मत आहे.

नस्कर निकालात एक कबुलीही आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरचा भाष्यकार शबरस्वामी आणि मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी यांचा हवाला देऊन न्यायालय म्हणतं की देव हा मालक असतो तो गौण अर्थाने. शबर तर याबाबतीत अगदी रोखठोक आहे. लोक ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ म्हणतात, पण ते केवळ बोलणं. ज्याला वस्तू आपल्या मर्जीप्रमाणे वापरता येते तो मालक, आणि देव तर गाव वापरत नाही, शेत कसत नाही. ‘ऋषिमुनींना ठाऊक होतं’ म्हणणाऱ्या पहिल्या तटाला मी हाच शबर दाखवतो. यावर ते ताम्रपट काढतात: राष्ट्रकूट आणि यादव राजांनी देवांना गावं दिल्याचे लेख आपल्याकडे ढिगाने आहेत, ते खोटे का? खोटे नाहीत. पण देवाचं द्रव्य चोरणाऱ्याला राजाने दंड करावा असं जेव्हा धर्मशास्त्र सांगतं, तेव्हा ते राजाचं कर्तव्य सांगतं. देव स्वतः फिर्याद घेऊन दरबारात उभा राहील असं कुठे सांगत नाही. फिर्यादी देव ही नवी गोष्ट आहे.

किती नवी? इथे मला मुंबई उच्च न्यायालयातला १८८७चा निकाल सापडतो, आणि त्यात एक मराठी आडनाव: मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम. डाकोरच्या रणछोडरायाचा खटला. डाकोरचं आजचं देऊळ १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबेकर या पेशव्यांच्या सराफाने बांधलं. शंभर वर्षांनी वाद झाला तो देवापुढे पडणाऱ्या पैशांचा. सेवक म्हणत, भाविक जे वाहतात ते आमचं. तांबेकर म्हणाले, हिशेब द्या. न्या. रेमंड वेस्ट आणि न्या. बर्डवुड यांनी सेवकांना हिशेब द्यायला लावला, आणि ते करताना वेस्टने मोठी मांडणी केली: रोमन कायद्याप्रमाणे हिंदू कायदाही एखाद्या हेतूसाठी वाहिलेल्या संस्थेला, तिच्यातल्या माणसांपासून वेगळं असं व्यक्तित्व देतो. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि तिथेही तांबेकरच टिकले.

हे रोमन कायद्याचं सूत वेस्टच्या हातात आलं कुठून? वेस्टने हिंदू कायद्याचा प्रसिद्ध संग्रह केला तो गेओर्ग ब्यूलर या जर्मन संस्कृतपंडिताच्या जोडीने. ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. आणि एखाद्या हेतूला मालमत्ता वाहून त्या हेतूलाच व्यक्ती मानायचं, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जर्मन विधिपंडितांनी सर्वांत नेटाने घासूनपुसून ठेवली होती. माझा कयास असा की डाकोरच्या देवाला जे व्यक्तित्व मिळालं त्याचं कापड आपलं, शिलाई जर्मन. वेस्ट आयरिश होता, रोमन कायदा तो आपणहून शिकला असेल, असं कुणी म्हणेल. म्हणो. दोन माणसं एका पुस्तकावर वर्षानुवर्षं काम करतात तेव्हा चहा पिताना काय बोलतात, ते छापलं जात नाही.

या कयासाला बळ देणारा आणखी एक जर्मन आहे, आणि तो मराठी वाचकांच्या घरचाच आहे. गुंथर सोंथायमर. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगर यांच्यामागे रानोमाळ फिरलेला अभ्यासक म्हणून तो आपल्याला माहीत आहे. तो मुळात कायद्याचा माणूस, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. १९६०च्या दशकात त्याने जर्मनीतल्या तौलनिक कायद्याच्या नियतकालिकात मोठा निबंध लिहिला, तो हिंदू देवतांच्या कायदेशीर व्यक्तित्वावर! कोर्टातला देव आधी अभ्यासला आणि मग वाड्यावरचा देव शोधायला निघाला. अंबडच्या खंडोबाच्या देवळाशी अहिल्यादेवी होळकरांचं नाव जोडलेलं आहे. त्या देवळासमोरून जाताना मला नेहमी वाटतं की सोंथायमर उलट्या दिशेने चालला ते बरोबर होतं. कोर्टातल्या देवाला दाता लागतो. धनगरांचा देव कुणाच्या दानाची वाट पाहत नाही. तो स्वतः येतो, बाणाईसाठी मेंढरं राखतो, रान आपलं म्हणतो.

पण ते नंतर. आधी न्यूझीलंडवाल्यांचं काय करायचं?

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. व्हांगानुई नदीला व्यक्ती ठरवणारा कायदा तिथल्या संसदेने मार्च २०१७मध्येच केला, आणि त्यावर राजमुद्रा उमटली तीही २० मार्चलाच, म्हणजे नैनीतालच्या निकालाच्याच दिवशी. योगायोग भलताच आहे. पण त्याच दिवशी घडलेल्या गोष्टीची नक्कल कशी होईल? २० मार्चच्या निकालाची सगळी भिस्त देवांच्या खटल्यांवर आहे. न्यूझीलंड येतं ते दहा दिवसांनी, ३० मार्चला, ललित मिगलानी यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने गंगोत्री-यमुनोत्रीच्या हिमनद्या, ओढे, झरे, जंगलं, कुरणं यांनाही व्यक्ती ठरवलं तेव्हा. आणि तिथे व्हांगानुई नव्हे, तर ‘ते उरेवेरा’ या जंगलाचा २०१४चा कायदा आधाराला घेतला आहे. मागाहून जोडलेला नातेवाईक आहे तो, पूर्वज नव्हे. अमेरिकेचा क्रिस्टोफर स्टोन आणि झाडांना कोर्टात उभं राहू द्यावं का हा त्याचा १९७२चा लेख, इक्वेडोरची २००८ची राज्यघटना, ही सगळी दूरची पाहुणे मंडळी.

तिसरा एक प्रतिस्पर्धी घरातलाच आहे, देवराई. ‘आमच्या कोकणात राईचा मालक देवच होता, मग निसर्गाला हक्क होतेच की,’ असं एका मित्राने मला ऐकवलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर १९७०च्या दशकात जे लिहिलं ते वाचलेल्या माणसाला हा मोह होणारच. राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही हा नियम कोणत्याही वनकायद्यापेक्षा चांगला टिकला, हे खरं. पण नीट बघा: राईत मालक देव, आणि झाड? झाड ही देवाची मालमत्ता. उद्या देवळाच्या जीर्णोद्धाराला लाकूड हवं म्हणून देवाचा कौल घेतला आणि कौल मिळाला, तर झाड काय म्हणणार? झाडाला तिथे वकील नाही. रान वाचलं ते देवाच्या धाकाने, झाडाच्या हक्काने नव्हे. देवराई हा निसर्गहक्काचा पूर्वज मानायला मी तयार नाही. फार तर मावसभाऊ.

आता मूळ दुखण्याकडे. देवाच्या व्यक्तित्वाची चौकट उलगडून पाहिली तर त्यात चार गोष्टी लागतात. कुणीतरी देणारा. त्याचा संकल्प. दिलेली मालमत्ता. आणि ती सांभाळणारा वहिवाटदार. या चारातली एक जरी नसेल तर चौकट डुगडुगते. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९च्या अयोध्या निकालात हे फार स्वच्छ सांगितलं आहे. कायदा दगडाला व्यक्ती मानत नाही. भक्ताने ज्या पुण्यहेतूने काही वाहिलं, त्या हेतूला व्यक्ती मानतो आणि मूर्ती त्या हेतूचं दृश्य रूप असते. म्हणून रामलल्ला विराजमान या देवाला व्यक्ती मानलं. जन्मस्थानाची जमीनही व्यक्तीच आहे, असाही दावा होता. तो न्यायालयाने फेटाळला. जमिनीलाच व्यक्ती ठरवलं तर तिच्यावर इतरांचे जे काही हक्क असतील ते एका फटक्यात संपतील, ही भीती त्यामागे होती.

अंबडकराला हे समजायला दिल्लीला जावं लागत नाही. गावाला मत्स्योदरीचा डोंगर आहे. डोंगर माशाच्या आकाराचा, म्हणून देवी मत्स्योदरी. नवरात्रात जत्रा भरते. इथे देवीचं नावच डोंगरावरून पडलेलं आहे. श्रद्धेच्या हिशेबात डोंगर आणि देवी वेगळे करता येत नाहीत. कायद्याच्या हिशेबात मात्र सरळ वेगळे होतात: देवी व्यक्ती होऊ शकते, तिच्या पोटाखालचा मासा होऊ शकत नाही. कुणी उद्या तो डोंगर पोखरला तर डोंगराच्या वतीने कुणालाही उभं राहता येणार नाही.

नदीचं तेच. गंगा कुणी दान केली? भगीरथाचं नाव घेऊ नका, त्याने आणली, वाहिली नाही. दाता नाही, संकल्प नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे मालमत्ता नाही. नैनीतालच्या निकालाने नदीला वहिवाटदार तेवढे दिले: नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. म्हणजे चारातली चौथी गोष्ट आधी केली आणि पहिल्या तिघींचा विचारच नाही. पुढे घोटाळा व्हायचा तो झाला. ऋषिकेशजवळच्या कचरा डेपोच्या वादात न्यायालयाने खुद्द गंगेला नोटीस काढली. आणि उत्तराखंड सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं ते बिनतोड प्रश्न घेऊन: पुरात माणसं वाहून गेली तर नुकसानभरपाई कुणी द्यायची, मुख्य सचिवांनी? नदी पुढे दुसऱ्या राज्यांत जाते, तिथे आमचा अधिकारी तिचा पालक कसा? कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या असलेली व्यक्ती केली की तिच्यावर दावाही लागतो. नस्करांच्या देवांनी कर भरला तो मालमत्तेच्या उत्पन्नातून. गंगा दंड कशातून भरणार?

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. नदी स्वयंभू आहे, तिला दाता कशाला? आपल्याकडे स्वयंभू देवाला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. इथेच तो सोंथायमरचा, स्वतः चालत येणारा देव उपयोगी पडतो. अयोध्या निकालात स्वयंभू देवतेची चर्चा आहे आणि ती शक्यता न्यायालयाने पुसून टाकलेली नाही; नुसती जमीन म्हणजे स्वयंभू देव नव्हे, एवढंच म्हटलं. एखादा हुशार वकील नदीसाठी हा दरवाजा उघडू शकेल. पण स्वयंभू देवाच्या नावावरही जमिनी आल्या त्या भक्तांनी, पाटलांनी, सरदारांनी दिल्या म्हणून. पोट भरायला त्यालाही दान लागलंच.

गंमत अशी, की आपल्या देवांच्या कायद्याची ही चौकट सगळ्यांत नीट पाळली ती न्यूझीलंडने! व्हांगानुईच्या कायद्यात नदीचं जे पात्र राजसत्तेच्या मालकीचं होतं ते नदीच्याच नावावर केलं. दाता: राजसत्ता. संकल्प: कायदा. मालमत्ता: पात्र, आणि शिवाय ३ कोटी डॉलरचा निधी. वहिवाटदार: ‘ते पोऊ तुपुआ’ नावाचं दोघांचं पद, एक माओरींचा आणि एक सरकारचा. खाजगी जमिनींना आणि पाण्याच्या जुन्या परवान्यांना हात लावला नाही. जवळजवळ दीडशे वर्षं माओरी भांडले तेव्हा हे झालं. आमच्याकडे एका निकालपत्रात झालं आणि एका स्थगितीत गेलं.

हरिद्वारचंच दुसरं उदाहरण पाहा. तिथे गंगेवर कुशावर्त घाट आहे, अहिल्यादेवींच्या खासगीतल्या धर्मादायाचा. अहिल्यादेवींनी खासगीवर, म्हणजे स्वतःच्या संपत्तीवर, तुळशीपत्र ठेवून ती शंकराला वाहिली अशी आख्यायिका आहे. सव्वादोनशे वर्षांनी त्या खासगीच्या न्यासाच्या मालमत्ता विकल्याचा वाद उभा राहिला, त्यात हा घाटही होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२२मध्ये न्यायालयाने सार्वजनिक न्यास निबंधकांना विक्रीव्यवहारांची चौकशी करायला सांगितलं. दगडी घाटाच्या मागे दात्रीचा संकल्प उभा होता, म्हणून घाटाला दाद मिळाली. घाटाला लागून वाहणाऱ्या पाण्याचं व्यक्तित्व मात्र स्थगितीत.

आता गोदावरी. अंबड तालुक्याची दक्षिणेची शीव तीच आहे; शहागड, गोंदी ही तिच्या काठची गावं. वर पैठणला जायकवाडी, त्यामुळे उन्हाळ्यात पात्रात पाणी किती हे धरणाच्या दरवाज्यांवर ठरतं. नाशिक-नगरने वरून पाणी किती सोडायचं याचं भांडण २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावर चालतं. त्या भांडणात साखर कारखाने असतात, महापालिका असतात, शेतकरी संघटना असतात. गोदावरी नसते.

आणि वाळू. वाळू ओढायची केनी लावून रात्री पात्र उपसतात, हायवा ट्रक भरून जातात, हे तालुक्यात कुणाला नवीन नाही. पकडलं तर गुन्हा कशाचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रं राज्य शासनाच्या मालकीची. कलम ४८ प्रमाणे बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. म्हणजे चोरीला गेलेला माल शासनाचा आणि दंडही शासनाचा. ज्या खड्ड्यात पुढे कुणाचं जनावर बुडतं, ज्या खड्ड्यामुळे काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, त्या खड्ड्याची भरपाई नदीला द्यायची अशी तरतूद नाही, कारण नदीच्या नावावर काही नाहीच.

मराठवाड्यात आपण देवाला जमीनदार मानायला चांगले सरावलो आहोत. निजामाच्या काळापासून इथे देवस्थान इनामं आहेत, देवाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात बजावलं की महसुली दप्तरात मालक म्हणून देवाचंच नाव असावं, पुजाऱ्याचं नको. पुजारी हा नुसता व्यवस्थापक. तरीही देवाच्या जमिनी परस्पर विकल्या जातात, हे आपण रोज वाचतो. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. देव हा कायद्याच्या लेखी कायमचा अज्ञान. पालनकर्त्यानेच खाल्लं तर अज्ञानाने जायचं कुठे? गोदावरी व्यक्ती झाली तरी हा प्रश्न तिच्याही वाट्याला येईल, आणि तिचा पालनकर्ता म्हणून नेमला जाईल तो बहुधा तोच अधिकारी, ज्याच्या सहीने आज वाळूघाटांचे लिलाव होतात.

म्हणून माझी मागणी लहान आहे. गोदामाई जिवंत आहे असं कोर्टाकडून वदवून घेण्याच्या खटपटीत पडू नका. ते आमच्या बायाबापड्यांना माहीत आहे. विधानसभेत कलम २०ची दुरुस्ती मागा: नदीचं पात्र शासनाच्या नव्हे, नदीच्या नावे करा, वाळूचा दंड आणि स्वामित्वधन तिच्याच खात्यात जमा करा, आणि त्या खात्यावर सही करायला महसूल खात्याबाहेरचा एक माणूस काठच्या गावांतून बसवा. नदी पुढे तेलंगणात जाते ही अडचण आहेच. पण शीव ओलांडेपर्यंतची गोदावरी तरी आपल्याला करता येईल. अंबड तालुक्यातल्या काठच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्यावा आणि आपल्या आमदाराच्या हातात द्यावा.